खलनायकाचे बळ किती वॅटचे?

चित्रकथा वाचणाऱ्या मुलांमध्ये एक वाद कायम रंगतो. नायकाचा सर्वांत बलाढ्य शत्रू कोणता? एक जण राक्षसी देहाच्या पहिलवानाचे नाव घेतो, दुसरा चाच्यांच्या सरदाराचे, तर तिसरा दुर्बळ शरीराच्या पण हाती विलक्षण यंत्र असलेल्या शास्त्रज्ञाचे. वाद मिटत नाही, कारण 'बळ' म्हणजे काय आणि ते कशाने मोजायचे हे कोणीच आधी ठरवलेले नसते. पदार्थविज्ञानाचे पहिले काम नेमके तेच आहे. तेव्हा आज आपण हा वाद फूटपट्टी, घड्याळ आणि तागडी घेऊन सोडवू या.

त्यासाठी नायकही योग्य निवडला पाहिजे. १९३८ मध्ये अवतरलेला सुपरमॅन आपल्या उपयोगाचा नाही. त्याला निसर्गनियम लागूच नाहीत, मग त्याच्या शत्रूंचे मोजमाप कसे करणार? आपल्याला हवा अलौकिक शक्ती नसलेला, हाडामांसाचा नायक. बॅटमन तसा आहे. परंतु महाराष्ट्रातील वाचकांच्या अधिक ओळखीचा आहे तो वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ पासून वृत्तपत्रात त्याची चित्रमालिका सुरू केली. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि वेताळ घरोघरी पोचला. १९९० मध्ये ही माला बंद पडली, तरी तिचे जुने अंक आजही जपून ठेवलेले आढळतात.

वेताळ उडत नाही, अदृश्य होत नाही. त्याच्याजवळ दोन पिस्तुले, एक घोडा, एक लांडगा आणि कवटीची अंगठी एवढेच आहे. लोक त्याला अमर मानतात. पण खरे पाहता तो आपल्या घराण्यातील एकविसावा वेताळ असतो. म्हणजे तो माणूस आणि त्याचे बहुतेक शत्रूही माणसेच. दोघांनाही न्यूटनचे नियम सारखेच लागू आहेत.

बळ या एका शब्दाचे तीन अर्थ

रोजच्या बोलण्यात आपण ज्याला 'बळ' म्हणतो, त्यात तीन निरनिराळ्या राशी मिसळलेल्या असतात. ढकलणे वा ओढणे हे बल. ते न्यूटनमध्ये मोजतात. बल लावून वस्तू हलवली की कार्य होते आणि तेवढी ऊर्जा खर्च होते. ती जूलमध्ये मोजतात. ही ऊर्जा किती वेगाने खर्च झाली, म्हणजे दर सेकंदाला किती जूल, ती शक्ती. तिचे एकक वॅट. सिमेंटचे पोते एक हमाल एका मिनिटात माडीवर नेतो आणि दुसरा पाच मिनिटांत. कार्य सारखेच झाले, पण पहिल्याची शक्ती पाचपट. हा फरक ध्यानात ठेवा. पुढचे सारे गणित त्यावरच उभे आहे.

अंगातली शक्ती

साताऱ्याच्या विद्यार्थ्यांना अजिंक्यतारा परका नाही. हा किल्ला सुमारे ३०० मीटर उंच आहे. ५० किलोग्रॅम वजनाचा एक विद्यार्थी पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढला असे समजा. त्याने केलेले कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, अर्थात ५० × ९.८ × ३०० = १,४७,००० जूल. आकडा मोठा वाटतो. परंतु त्याला चढायला ४० मिनिटे, म्हणजे २,४०० सेकंद लागले असतील, तर त्याची शक्ती १,४७,००० ÷ २,४०० = सुमारे ६१ वॅट. एवढी धाप लागूनही जेमतेम एक साठ वॅटचा दिवा लागेल!

दिवसभर अंगमेहनत करणारा धडधाकट माणूस सरासरी ७५ वॅटच्या आसपास शक्तीने काम करू शकतो. थोडा वेळ मात्र आपण याहून पुष्कळ अधिक शक्ती लावतो. हाच विद्यार्थी ३ मीटर उंचीचा जिना अडीच सेकंदांत धावत चढला, तर त्याची शक्ती ५० × ९.८ × ३ ÷ २.५ = ५८८ वॅट होते. कसलेला खेळाडू काही सेकंदांपुरता एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट, सहज ओलांडतो. पण ही चैन क्षणभराचीच असते.

म्हणजे नायक असो वा खलनायक, मानवी स्नायूंची मर्यादा साधारण एकाच टप्प्यात येते. एखादा गुंड वेताळाच्या दीडपट वा दुप्पट ताकदीचा असेल. शंभरपट ताकदीचा असणार नाही.

मग चित्रकथांतून अधूनमधून भेटणाऱ्या राक्षसी देहाच्या शत्रूंचे काय? इथे गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलेला एक विचार उपयोगी पडतो. एखाद्या माणसाची उंची, रुंदी आणि जाडी तिन्ही दुप्पट केली तर त्याचे वजन २ × २ × २ = ८ पट होईल. पण स्नायूंची ताकद आणि हाडांची मजबुती त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ती फक्त २ × २ = ४ पट वाढेल. आठपट ओझे आणि चौपट ताकद! असा राक्षस नायकाला चिरडण्यापूर्वी स्वतःच्याच वजनाने बेजार होईल. मुंगी आपल्या वजनाच्या अनेकपट ओझे उचलते आणि हत्तीला साधी उडीही मारता येत नाही, यामागे हेच गणित आहे.

शिवाय ताकद आणि कुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सातारा-सांगलीच्या मातीत वाढलेल्या मुलांना सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोग्रॅमच्या वजनगटात, कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. धोबीपछाडीसारखा डाव पाहा. मल्ल प्रतिस्पर्ध्याला निव्वळ जोराने उचलत नाही. तो आपली पाठ व कंबर टेकूसारखी वापरतो आणि प्रतिस्पर्ध्याचा गुरुत्वमध्य त्याच्या पायांच्या आधाराबाहेर काढतो. एकदा तो बाहेर गेला की उरलेले काम पृथ्वी करते. थोराड गुंड चपळ नायकापुढे आडवा होतो तेव्हा चित्रकार खोटे बोलत नसतो.

ठोसा आणि अंगठी

आता वेताळाच्या प्रसिद्ध ठोशाकडे वळू. मूठ, हात आणि खांद्याचा काही भाग मिळून ठोशामागचे परिणामी वस्तुमान ४ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला ८ मीटर धरू. गतिज ऊर्जा = ½ × ४ × ८ × ८ = १२८ जूल. संवेग = ४ × ८ = ३२ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. हा संवेग सेकंदाच्या शंभराव्या भागात शून्य झाला, तर सरासरी बल ३२ ÷ ०.०१ = ३,२०० न्यूटन. म्हणजे सव्वातीनशे किलोग्रॅमचे ओझे क्षणभर जबड्यावर ठेवल्यासारखे झाले.

हे बल मुठीच्या २० चौरस सेंटिमीटरवर पसरले तर दाब वातावरणाच्या सुमारे १६ पट होईल. सगळे बल कवटीच्या अंगठीच्या १ चौरस सेंटिमीटरवर आले तर तोच दाब ३२० पट! बल तेच, पण क्षेत्रफळ घटले की दाब वाढतो. सुई बोटात शिरते आणि दाभणाची मूठ शिरत नाही, ते याचमुळे.

चित्रकथेतील एक गोष्ट मात्र विज्ञानाला मान्य नाही आणि ती तुम्हीही मानू नये. ठोसा बसलेला गुंड तासभर झोपतो, मग डोके चोळत उठतो व पळून जातो. खऱ्या आयुष्यात असे घडत नाही. जबड्यावर आघात झाला की डोके झटक्याने फिरते आणि कवटीच्या आतील मऊ मेंदू मागे राहून ताणला जातो. माणूस काही सेकंदांहून अधिक काळ बेशुद्ध राहिला तर ती झोप नव्हे, मेंदूची इजा असते. अशा व्यक्तीला तत्काळ दवाखान्यात नेले पाहिजे. खेळताना कोणाच्या डोक्याला मार लागून त्याची शुद्ध हरपली, तर "थोडा वेळ पडू दे, उठेल आपोआप" असे कधीही म्हणू नका.

उसने घेतलेले बळ

इथवर खलनायक नायकाहून फारसा वरचढ ठरलेला नाही. आता त्याच्या हातात पिस्तूल द्या.

८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटली असे धरू. तिची ऊर्जा ½ × ०.००८ × ३५० × ३५० = ४९० जूल. संवेग ०.००८ × ३५० = २.८. ठोशाशी तुलना करा. गोळीची ऊर्जा जवळजवळ चौपट आहे, परंतु संवेग ठोशाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी!

म्हणून गोळी लागलेला माणूस हवेत उडून मागे फेकला जातो हे चित्र चुकीचे आहे. ७० किलोग्रॅमच्या माणसात हा सारा संवेग उतरला तरी त्याला २.८ ÷ ७० = ०.०४, म्हणजे सेकंदाला अवघे ४ सेंटिमीटर वेग मिळेल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानेही हेच कळते. गोळी समोरच्याला फेकून देण्याइतकी जोरकस असती, तर तितक्याच जोराने पिस्तूल झाडणाराही मागे फेकला गेला असता. गोळी घातक ठरते ती धक्क्यामुळे नव्हे. एवढी ऊर्जा ती बोटभर रुंदीच्या मार्गात शरीराच्या आत ओतते, म्हणून ती जीव घेते.

आता शक्ती पाहू. नळी १२ सेंटिमीटर लांबीची असेल आणि आतला सरासरी वेग सेकंदाला १७५ मीटर धरला, तर गोळी नळीतून बाहेर पडायला ०.१२ ÷ १७५ = सुमारे ०.०००७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ४९० जूल! म्हणजे शक्ती ७,००,००० वॅट, नऊशेहून अधिक अश्वशक्ती. क्षणाच्या हजाराव्या भागापुरती का होईना, पण ही शक्ती खलनायकाच्या दंडातून कधीच आली नसती.

मग त्याने स्वतः काय केले? बोटाने चाप ओढला. २५ न्यूटन बलाने एक सेंटिमीटर, म्हणजे २५ × ०.०१ = ०.२५ जूल. फक्त पाव जूल! चापामुळे घोडा सुटला, घोड्याने टोपी पेटवली, टोपीने दारू पेटवली आणि दारूत साठवलेल्या रासायनिक ऊर्जेने गोळी हाकलली. खलनायकाने पाव जूल घातला आणि त्याच्या जवळजवळ दोन हजारपट ऊर्जा मोकळी झाली. ती ऊर्जा त्याने निर्माण केली नाही. कोणीतरी आधीच भरून ठेवली होती. त्याने फक्त दार उघडले.

आतापर्यंतचे आकडे एका रांगेत मांडू :

चाप ओढणारे बोट : ०.२५ जूल
ठोसा : १२८ जूल
पिस्तुलाची गोळी : ४९० जूल
ताशी ६० किलोमीटर वेगाची, १,५०० किलोग्रॅमची जीप : सुमारे २,०८,००० जूल

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. अंगावर घातलेली जीप म्हणजे सोळाशेहून अधिक ठोसे एकदम. आणि त्यासाठीही चालकाला पायाने पेडल दाबण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

नायक गोळी चुकवतो का?

वीस मीटर अंतरावरून सुटलेली गोळी २० ÷ ३५० = ०.०५७ सेकंदात पोचते. डोळ्यांनी पाहून हात वा पाय हलवायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गोळी ७० मीटर जाऊ शकते. तेव्हा सुटलेली गोळी पाहून कोणीही ती चुकवू शकत नाही, वेताळसुद्धा नाही.

शत्रूच्या हातातले पिस्तूल गोळीने उडवणे हा वेताळाचा आवडता उपाय. तो गणितात बसतो का? २.८ चा संवेग एक किलोग्रॅमच्या पिस्तुलाला मिळाला तर ते सेकंदाला २.८ मीटर वेगाने हातातून निसटेल. इथवर ठीक. पण वीस मीटरवर नेमात एका अंशाची चूक झाली, तर गोळी ३५ सेंटिमीटर बाजूला जाते. चालत्या घोड्यावरून एका अंशाच्या सातव्या भागाइतकी अचूकता दर वेळी साधायची, तरच ५ सेंटिमीटरचे लक्ष्य सापडेल. शिवाय धातूवर आपटलेल्या गोळीचे तुकडे कुठेही उडतात. सारांश, नियम मोडत नाही, पण संभव फार थोडा.

न दिसणारा खलनायक

या कथांत शत्रू नायकाला कड्यावरून खाली ढकलतो आणि नायक नदीत पडून सुखरूप बाहेर येतो. हे चित्र मात्र अनुकरणाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे आहे. सांगलीत कृष्णेवर १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. नदीला पाणी चढले की अशा पुलांवरून उड्या घेण्याचा मोह मुलांना होतो.

१० मीटर उंचीवरून पडणाऱ्या शरीराचा वेग पाण्याशी सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर होतो. आता प्रश्न वेगाचा नसून थांबण्याच्या अंतराचा आहे. सूर मारणारा ३ मीटर खोलीत हळूहळू थांबला, तर मंदन १९६ ÷ ६ = सुमारे ३३ मीटर प्रतिसेकंदवर्ग, गुरुत्वत्वरणाच्या सव्वातीनपट. ते सोसण्याजोगे आहे. पण पाण्याखाली गाळ, खडक वा वाहून आलेले झाड असेल आणि तो ३० सेंटिमीटरमध्येच थांबला, तर मंदन त्याच्या दहापट, गुरुत्वत्वरणाच्या तेहतीसपट होते. ५० किलोग्रॅमच्या मुलावर १६,००० न्यूटनहून अधिक बल! ते डोक्यावर आणि मानेवर आले तर पुढे काय होते, ते सांगायला नको. पुराच्या गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. चित्रकथेतल्या नदीचा तळ चित्रकाराच्या हाती असतो, कृष्णेचा नसतो.

सर्वांत बलाढ्य कोण?

आता मूळ वादाकडे येऊ. चाच्यांच्या सरदाराचे बळ त्याच्या दंडात नाही; दहा माणसे त्याच्या शब्दाने राबतात म्हणून त्याच्याजवळ १० × ७५ = ७५० वॅट, एक अश्वशक्ती, कायमची असते. यंत्रे बाळगणाऱ्या शास्त्रज्ञाकडे त्याहून कितीतरी अधिक. आणि धरण किंवा वीजघर ताब्यात घेऊ पाहणारा सर्वांत वरचा.

हे अंतर केवढे आहे, ते आपल्या कोयनेवरून पाहा. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. तेथील पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून कोकणच्या बाजूला पोफळीकडे उतरते आणि वीज देते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट, म्हणजे १९६ कोटी वॅट आहे. एवढी शक्ती स्नायूंनी द्यायची तर ७५ वॅटच्या हिशेबाने २ कोटी ६० लाखांहून अधिक माणसांना एकाच वेळी राबावे लागेल. आणि हा सारा ओघ सुरू वा बंद करायला नियंत्रण-कक्षातील एकाच माणसाचे बोट पुरते.

तेव्हा उत्तर असे : खलनायकाचे स्वतःचे बळ तुमच्या-माझ्याइतकेच असते. त्याचे बाकीचे बळ उसने असते. दारूकडून, इंजिनाकडून, साठलेल्या पाण्याकडून आणि हुकूम पाळणाऱ्या माणसांकडून ते घेतलेले असते. म्हणूनच अलौकिक शक्ती नसलेला नायक त्याला हरवू शकतो. सुटलेल्या गोळीच्या सात लाख वॅटशी कोणीही झुंजू शकत नाही. चाप ओढणाऱ्या पाव जूलशी मात्र झुंजता येते, पण ते गोळी सुटण्यापूर्वी. वेताळ अंधारातून येऊन मनगट धरतो, जीपची चावी काढून घेतो, टोळीतली माणसे एकेक करून वेगळी करतो. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेला 'बहादूर' तर याहून पुढे गेला. चंबळच्या डाकूंशी एकट्याने लढण्याऐवजी त्याने गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारले. ज्या भीतीवर टोळीचे उसने बळ पोसले जाते, ती भीतीच त्याने काढून घेतली.

उद्या तुमच्यापैकी कोणी बस चालवील, कोणी उसाच्या कारखान्यातला बॉयलर सांभाळील, कोणी वीजघरात बसेल. तेव्हा तुमच्या बोटाखालीही लाखो जूल असतील. ते बोट नायकाचे की खलनायकाचे, हे वॅटमध्ये मोजता येत नाही. ते तुम्हालाच ठरवायचे आहे.

करून पाहा

१. शाळेच्या जिन्याची उभी उंची मोजा. एकेक विद्यार्थी किती सेकंदांत चढतो ते घड्याळावर पाहा आणि प्रत्येकाची शक्ती काढा. (शिक्षकांनी सोबत असावे. हृदयविकार वा दम्याचा त्रास असलेल्यांनी धावू नये. त्यांनी घड्याळ सांभाळावे.)

२. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेशी आपली बोटे उघडी ठेवा. त्याने पट्टी सोडताच पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुमचा प्रतिक्रियाकाल किती?

सोडवून पाहा

३. ४० किलोग्रॅमची विद्यार्थिनी ३.५ मीटर उंचीचा जिना ७ सेकंदांत चढली. तिची शक्ती किती?

४. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने जाते. तिची ऊर्जा व संवेग काढा. ती ८० किलोग्रॅमच्या माणसात अडकली तर त्याला किती वेग मिळेल?

५. ५ मीटर उंचीवरून पडलेले शरीर (अ) २ मीटरमध्ये, (आ) २० सेंटिमीटरमध्ये थांबले, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट?

उत्तरे : (२) सुमारे ०.२ सेकंद. (३) १९६ वॅट. (४) ८०० जूल. ४ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. सेकंदाला ५ सेंटिमीटर. (५) अडीचपट, पंचवीसपट.